ब्लॅकआउटचा कागद

लढाई संपून बारा वर्षं झाली, तरी मुलुंडच्या त्या चाळीत नीलाच्या खिडकीवर ब्लॅकआउटचा काळा कागद तसाच होता. युद्धामुळे समाज कसा घडतो, हे तिचे मास्तर यजमान श्यामकांत रोज जेवताना सांगत. कागद काढायचं नाव घेत नसत. शेवटी दिवाळीच्या साफसफाईत नीलाने पदर खोचला आणि तो स्वतःच खरवडला.

अरुंद बोळापलीकडे, शेजारीण मालनच्या घरातल्या फळीवर, नीलाची हरवलेली पितळी कळशी चकाकत होती. वर कोरलेलं नीलाचं नावसुद्धा दिसत होतं.

"लढाईत भोंगा वाजला तेव्हा नळावरून चोरलीस ना गं?" नीला खिडकीतून ओरडली.

मालन शांतपणे खिडकीशी आली. "अंधारात हाताला लागली ती उचलली. तुझ्या मागच्या हंड्यावर कोणाचं नाव आहे, तेपण वाच ना."

नीलाने मागे बघितलंच नाही. तो हंडा माहेरचा, असं ती बारा वर्षं सांगत आली होती.

श्यामकांतांनी घसा खाकरला. "युद्ध आणि गुन्हेगारी यांचं नातं..."

"व्याख्यान नंतर द्या. आधी काळा कागद आणा, मी खळ करते."

"भावजी," पलीकडून मालन म्हणाली, "माझ्यासाठीपण आणा."