दोन वर्षांचं गॅप सर्टिफिकेट

पंकजा वाल्मीक हरकळ हिला सिनेमात जायचंय, हे निम्म्या पेडगावला ठाऊक होतं आणि त्या निम्म्यालाही चुकीचं ठाऊक होतं. लोकांना वाटायचं, पोरीला हिरोईन व्हायचंय. मग कुणी तिच्या उंचीवर बोलायचं, कुणी रंगावर, आणि कडूबाई नावाची चुलत आजी तर तोंडावर म्हणायची, "नाकाचं काई करता येत असंल तर बघ माय." पंकजाला पडद्यावर यायचंच नव्हतं. तिला एडिटर व्हायचं होतं. शूटिंगच्या ढिगातून काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ठरवणारी. पण हे गावाला समजावत बसायचा उत्साह तिला कधीच नव्हता, आणि माघात माय गेल्यापासून तर कसलाच उरला नव्हता.

मायचं नाव कोकिळा. पंकजाची बारावी झाली त्याच उन्हाळ्यात तिच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. आठवड्यातून तीन दिवस परभणीला डायलिसिस, एका वेळेला चार तास. पंकजानं कॉलेजात नाव घातलं नाही. पहिल्या दिवशी तिचा बाप, वाल्मीकही दवाखान्यात आला होता. बायकोचं रक्त नळीतून बाहेर येऊन मशीनमध्ये फिरताना त्यानं पाहिलं आणि तो जो उठून अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसला, तो पुन्हा कधी आत आला नाही. म्हशी आहेत, हळदीला पाणी द्यायचंय, लाईट आठच तास असते, अशी त्याची कारणं. घरचं मात्र सगळं तो बघायचा. भाकरी थापायलासुद्धा शिकला, त्याही बऱ्यापैकी गोल. गावातल्या बायका त्याबद्दल त्याचं कौतुक करायच्या. पोरगी आठवड्यातून तीनदा बसमध्ये मायचं डोकं खांद्यावर घेऊन जाते, त्याचं कौतुक कुणाला सुचलं नाही. पोरींचं ते असतंच.

दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून ओमप्रकाशचं मिक्सिंगचं दुकान होतं. लग्नाचं शूटिंग करणारी पोरं तिथं कॅमेऱ्यातलं कार्ड आणून टाकायची आणि ओमप्रकाश त्याचा तीन तासांचा व्हिडिओ करून द्यायचा, गाणी, गुलाबाच्या पाकळ्या, उडते हंस वगैरे सगळं घालून. चार तास बाहेर बसून करायचं काय, म्हणून पंकजा एकदा त्या दुकानाच्या पायरीवर बसली. आठवड्यानं आत बसली. तीन महिन्यांनी ओमप्रकाशनं तिला जुना लॅपटॉप दिला आणि म्हणाला, "पंकजाबाई, तुमचा हात लय साफ हाय. घेऊन जा, मायजवळ बसून करत जा."

मग ती कॉटशेजारी स्टुलावर बसून लग्नं कापायची आणि कोकिळा एका हाताला सुया लावलेल्या, दुसरा हात उशाखाली, अशी बघत पडायची. बाई शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण बघायची फार बारीक. एकदा म्हणाली, "नवरीच रडायली, नवरीच रडायली. तिची माय कुठं गेली?" पंकजानं सगळं कार्ड पुन्हा बघितलं. मांडवाच्या मागं, उलट्या पातेल्यावर बसलेली नवरीची माय सापडली. कॅमेरावाल्यानं चुकून घेतलेली, पाच सेकंद. ती रडत नव्हती. नुसती बसली होती. पंकजानं ते पाच सेकंद बिदाईच्या मधोमध घातले. ते लोक व्हिडिओ न्यायला आले तेव्हा तेवढ्या ठिकाणी तीनदा मागं घेऊन बघत होते.

त्या दिवशी कोकिळेनं विचारलं, "याचं शिक्षण असतं का गं?"

"असतं."

"मग लिवून काढ. समदं. आदी काय, नंतर काय."

कागद नव्हता, म्हणून कुणाच्यातरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं. कोकिळा एकच शब्द विचारत गेली.

"बारावी झाली. मग?"

"मग संभाजीनगरला कॉलेज हाय, तिथं सिनेमाची डिग्री मिळती. तीन वर्षं."

"मग?"

"मग पुण्याला एडिटिंगचा कोर्स. त्याला मोठी परीक्षा असती, मुलाखत असती."

"मग?"

"मग मुंबईत कुणाच्यातरी हाताखाली. पाच-सहा वर्षं."

"मग?"

"मग एखाद्या सिनेमात माझं नाव येईल. सगळ्यात शेवटी."

"शेवटी कामून?"

"शेवटीच येतं माय. लोक उठून जातात तेव्हा."

"मी बसून ऱ्हाईन," कोकिळा म्हणाली. आणि मशीनची शिट्टी वाजली म्हणून नर्स आली.

पत्रिका मायच्या दवाखान्याच्या फाईलमध्येच राहिली. माघात माय गेली, तेव्हा पंकजानं फाईल उघडून बाकीचे कागद बांधून माळ्यावर टाकले आणि पत्रिका तेवढी काढून घेतली. ती का काढली, हे तिला सांगता आलं नसतं. तेव्हा रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. बायका म्हणाल्या, आतून रडतीय. आतून काही नव्हतं. बसून बसून पाय झोपी जातो आणि चिमटा काढला तरी तो पाय दुसऱ्याच कुणाचा वाटतो, तसं तिला सगळं अंग वाटायचं.

लग्नसराईत तिनं अकरा लग्नं कापली. चारठाण्याच्या एका लग्नात नवरीचा बाप हयात नव्हता. आपल्याकडं अशा वेळी गेलेल्या माणसाचा फोटो व्हिडिओच्या कोपऱ्यात घालतात, ढगातून अक्षता टाकताना. पंकजानं त्या माणसाचा फोटो कडेनं कापला, कडा मऊ केल्या, डाव्या कोपऱ्यात बसवला. नवरीचा भाऊ दुकानात उभ्या उभ्या हुंदके देऊन रडला. ओमप्रकाशनंही डोळे पुसले. पंकजानं विचारलं, "आकार बरोबर हाय ना? मोठा करू का?"

कॉलेजचा फॉर्म ओमप्रकाशनंच भरला. पत्रिकेवरची पहिली ओळ तिनं त्याला वाचून दाखवली होती, किराण्याची यादी वाचावी तशी. पोरगी नाही म्हणत नव्हती आणि हो म्हणतानाही तिच्या तोंडावर काही हलत नव्हतं. यादीत नाव लागलं. आता कागदपत्रांची तपासणी आणि मुलाखत एकाच दिवशी, सकाळच्या गाडीनं जायचं. मुलाखतीत आधी काय काम केलंय ते विचारणार होते, म्हणून ओमप्रकाशनं दुकानाच्या कागदावर पत्र दिलं: पंकजा हरकळ यांनी आमच्याकडे दोन वर्षे व्हिडिओ संकलनाचे काम केले असून त्यांनी सत्तरहून अधिक लग्ने संकलित केली आहेत. खाली शिक्का. शिक्का उलटा लागला होता, म्हणून त्यानं शेजारी परत एक सरळ मारला.

राहिलं गॅप सर्टिफिकेट. शिक्षणात मध्ये खंड पडला की तो का पडला, याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते पंकजा आदल्या दिवसापर्यंत विसरली होती. विसरली म्हणजे लक्षात होतं, पण ते करायला हवं असं आतून वाटतच नव्हतं. शेवटी वाल्मीकच म्हणाला, "चल, मी येतो." पेरणी उरकली होती. त्यानं गाडी काढली, कागदांची पिशवी पोटाशी धरायला तिच्याकडं दिली आणि तहसीलसमोर उतरल्यावर ती परत आपल्या हातात घेतली.

तहसीलसमोर पत्र्याखाली चार-पाच टायपिंगवाले बसतात. त्यातले दिनकरराव सगळ्यात जुने. पूर्वी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आहे, बोटं मात्र मशीनवरचीच, एकेक कळ ठोकून खाली जाणारी. त्यांनी वर न बघता विचारलं, "नाव? गाव? किती वर्षांचा गॅप? कारण घरगुतीच ना?" आणि पंकजानं मान हलवेपर्यंत कागद बाहेरही आला.

"वाचा आन् सही करा. मग आत साहेबासमोर जायचं."

पंकजानं वाचलं. सदर दोन वर्षांच्या कालावधीत मी कोणत्याही शाळा, महाविद्यालयात शिक्षण घेतलेले नसून, कोणतीही नोकरी, व्यवसाय अथवा काम केलेले नाही. सदर कालावधीत मी घरीच होते. शुद्धलेखन बरोबर होतं. तिनं पेन उचललं.

"थांब," वाल्मीक म्हणाला.

तो अजून वाचत होता. त्याला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचतो. एक बोट या कागदावर होतं आणि दुसऱ्या हातात ओमप्रकाशचं पत्र होतं.

"साहेब, हे दोन कागद एकाच पिशवीत जायलेत. ह्यात म्हणतंय पोरीनं दोन वर्षं काम केलं. ह्यात म्हणतंय काईच न्हाई केलं. त्येंनी कोणतं खरं धरावं?"

दिनकररावांनी चष्मा कपाळावर नेला. "अहो, फॉरमॅट हाय हा. वीस वर्षं झाले, समदे हेच नेतात. ते पत्र देऊ नका, म्हणजे झालं."

"राहू द्या आबा," पंकजा बापाला म्हणाली. "पत्र काढून टाकते."

तिला खरंच काही वाटलं नाही. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवायला शिकलेली पोरगी, आणि तिनं एका दमात आपली दोन वर्षं काढून टाकली. उद्या मुलाखतीत विचारलं असतं, काय करत होतीस, तर म्हणाली असती, काही नाही, घरीच होते.

वाल्मीकनं पत्र दिलं नाही. "आन् घरीच व्हती, हे कसं लिव्हलं?" तो म्हणाला. "घरी तर मी होतो."

आवाज मोठा नव्हता. पण शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. पंकजानंही बघितलं. बापाचे कान लाल झाले होते. दोन वर्षांत ज्या गोष्टीवर त्या घरात एक शब्द झाला नव्हता, ती त्यानं तहसीलसमोर, भर दुपारी, अनोळखी टायपिस्टला सांगून टाकली होती. दिनकररावांना त्यातलं काहीच कळलं नाही. पण माणूस जुना, माणसाचं तोंड वाचता येत असणार.

"मग तुमीच सांगा काय लिहायचं," ते म्हणाले. "खरं लिव्हलं तर कुणी अडवत न्हाई. सांग पोरी."

पंकजा सांगायला लागली. ओमप्रकाशला शॉटची यादी सांगायची, त्याच आवाजात.

"बारावीनंतर माझी आई आजारी होती."

"नाव?"

"कोकिळा वाल्मीक हरकळ."

"कैलासवासी लावू का पुढं?"

तिनं बापाकडं बघितलं. बाप रस्त्याकडं बघत होता. "लावा," ती म्हणाली. दोन कळा वाजल्या. काही झालं नाही.

"आठवड्यातून तीन दिवस मी तिला डायलिसिसला नेत होते."

"मग?" दिनकररावांची नजर कळांवर होती.

"एका वेळेला चार तास लागायचे. त्या चार तासांत मी तिच्याजवळ बसून लग्नाचे व्हिडिओ संकलित करत होते."

"मग?"

"तसे सत्तर केले."

"मग?"

इतका वेळ पंकजाच्या कानाला लागला नव्हता तो शब्द आता लागला. कुणीतरी पडून, उशाखाली हात घालून, पुढची ओळ मागत होतं. तिला उत्तर माहीत होतं. मग ते आलं, पण शब्द होऊन आलं नाही. माघापासूनचं सगळं एकदम आलं. ती टेबलाची कड धरून, झेरॉक्सवाल्यासमोर, दाखल्यांच्या रांगेसमोर, मोठ्यानं रडली. लाज वाटली नाही. दुखलं मात्र फार. झोपलेल्या पायात जीव येताना दुखतं, तसं.

वाल्मीकला काय करावं कळेना. त्यानं पिशवी तिच्या डोक्यावर धरली, ऊन लागू नये म्हणून. पत्र्याखाली ऊन नव्हतंच.

"मग ती गेली," तो दिनकररावांना म्हणाला. "माघात. लिव्हा."

दिनकररावांनी ते लिहिलं. पुढं काय, हे त्यांनी या वेळी विचारलं नाही. पंकजानं ओढणीनं नाक पुसलं.

"मग मला शिकायचंय," ती म्हणाली.

"ते यात लागत न्हाई, पोरी. गॅप का पडला एवढंच लागतं."

"लागू द्या न्हाई तर न लागू द्या," वाल्मीक म्हणाला. "तेवढं लिव्हा."

सही झाली, आत जाऊन शिक्का झाला. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून वाल्मीकनं ते पिशवीत घातले. पंकजाचे हुंदके अजून पुरते थांबले नव्हते. गाडीला किक मारायच्या आधी तो म्हणाला, "उद्या मी बी येतो. संभाजीनगरला."

"तिथं लय वेळ लागतो आबा. तुमी बाहेर कुठं बसणार?"

"बाहेर न्हाई," वाल्मीक म्हणाला. "आत येतो."