पाहुण्यांचा डोळा लवला

“अहो, नेमका डोळा लवला माझा! परत मारा की एक!” पाहुण्यांनी बिस्किटांची बशी जवळ ओढली.

जाड काचेपलीकडे फुटलेल्या टाकीचं पाणी अजून वाहत होतं. पुढच्या पत्र्याला बोटभर भोक; मागचा पत्रा मात्र केळ्याच्या सालीसारखा सोललेला. भरल्या टाकीत गोळी शिरली की ती पाण्याला रेटते. पाणी दबत नाही, ते पत्र्यावर राग काढतं. इंधनाच्या टाक्या कशा फुटतात ते कळावं म्हणून प्रयोगशाळेत हा उद्योग चाले. कॅमेऱ्याने सगळं टिपलं होतं, पण पाहुण्यांना ‘याचि डोळा’ हवं होतं.

“टाक्या संपल्या, साहेब,” टाकीवाले काका म्हणाले. टाक्या भरण्यात जन्म गेलेला माणूस. आज नोकरीचा शेवटचा दिवस.

“ती कोपऱ्यातली?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“ती मला दिलीत ना सकाळी. टेम्पोसुद्धा सांगितलाय.”

दिली होती खरी, निरोपाची भेट म्हणून, सगळ्यांदेखत. साहेबांनी टाळ्या तेवढ्या जमेला धरल्या होत्या. टाकी अजून खर्ची पडायची होती.

“अरे हो! पण पाहुणे काय रोज येतात? तुम्हाला दुसरी बघू.”

तिकडे घरी काकूंचे गुडघे जिन्याने खाल्ले होते. नळ खाली, घर वर. पंप आणून ठेवलेला, अडलं होतं ते टाकीपाशी. काकूंनी गच्चीवर विटांचा कट्टाही रचून ठेवला होता.

काकांनी तोड सुचवली. “मग रिकामीच मारा, साहेब. दोन भोकं पडतील फक्त. डाग देऊन बुजवीन नि वापरीन.”

“रिकामीत कसली मजा?” पाहुणे हसले. साहेब त्यांच्याहून मोठ्याने हसले, आणि मग पायरीपायरीने सगळेच.

काकांनी टाकी भरायला घेतली. थोडी उणी ठेवली असती तर तडाखा सौम्य बसला असता, आणि या मंडळींना कळलंही नसतं. पण उणी टाकी त्यांच्या हातून कधी गेली नव्हती. आता या असल्या लोकांपायी हात विटाळायचा? त्यांना शिसारी आली. पत्र्यावर टिचक्या मारमारून त्यांनी शेवटचा बुडबुडाही काढला.

धाड!

“हं, बोल,” पाहुणे फोनवर म्हणाले. मग मान वर न करताच, “वा! जबरदस्त!”

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. एक बिस्कीट काकांपुढेही आलं. काकांनी ते परत बशीत ठेवलं आणि हात पुसले, पाण्याचे की बिस्किटाचे, कोण जाणे.

फाटकाशी टेम्पोवाल्याने विचारलं, “माल कुठाय, काका?”

“फुटला.”

घरी काकू जिन्यात उभ्या होत्या, हातात बादली. “अहो, टाकी?”

काकांनी त्यांच्या हातातली बादली घेतली, खाली नळाला लावली, काठोकाठ भरली आणि जिना चढून वर आणली. पायऱ्या कोरड्याच राहिल्या.