ब्रेकमध्ये पहिला नंबर
कोलोरॅडोच्या घाटात उतारावर मी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. गाडी सुसाट सुटली.

"वर्न, ब्रेक लागत नाहीयेत!"

"घाबरू नकोस, लोरेटा. गाडीमालकांच्या सर्वेक्षणात ब्रेकमध्ये या मॉडेलचा पहिला नंबर आहे," शेजारी बसलेला नवरा म्हणाला. त्याचाच आवाज फाटला होता.

"चुलीत गेलं तुझं सर्वेक्षण! गेल्या वर्षी हेच ब्रेक गेले होते ना? तू काय लिहिलंस त्यात?"

"'तक्रार नाही.' अगं, डीलरने फुकटात दुरुस्त करून दिले होते. मग तक्रार कसली?"

पुढे ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी केलेला खडीचा चढ दिसला. मी गाडी तिकडे वळवली.

खडीत आधीच एक गाडी रुतलेली होती. हुबेहूब आमच्यासारखी.