गोड तोंडाचे एकेचाळीस दिवस

"स्वामी, घरी जा. झोप काढा. उतरली की निवांत या."

हेड कॉन्स्टेबल सम्मय्या इतकं गोड बोलला, की ठाण्यातल्या कुणालाही हसू फुटावं. एरवी शिवी घातल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नसे. पण सध्या त्याच्या गळ्यात अय्यप्पाची माळ होती, अंगात काळे कपडे, पाय अनवाणी. मुलीची दोन बाळंतपणं वाया गेली होती, निदान तिसरं मूल तरी जगावं म्हणून हे व्रत. एकेचाळीस दिवस रागवायचं नाही आणि समोर येईल त्याला स्वामी म्हणायचं. आज सव्विसावा दिवस होता.

समोर मोगिली गौड उभा होता, ताडी उतरवणारा म्हातारा. सदरा ताडीने चिंब, पाय लटपटत होते. "वर... सार, वर..." एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता आणि बोट आढ्याकडे दाखवत होता.

"वर देव आहे, स्वामी. ठाऊक आहे मला," सम्मय्या म्हणाला.

माणूस दारात दिसला की त्याची जात आपल्याला कळते, असं तो ऐटीत सांगे. सत्तावीस वर्षांची नोकरी होती ना! इस्त्रीचा शर्ट आला की खुर्ची, मळकी लुंगी आली की दरवाजा. व्रताने जीभ धुतली, डोळे मात्र तेच राहिले. आज वास आला आणि त्याचा निकाल देऊन झाला.

मोगिलीला याच माणसाने दोन वर्षांपूर्वी जत्रेत कानफटावलं होतं. त्याला पाहूनच म्हाताऱ्याची जीभ टाळ्याला चिकटली होती. त्यात आज तो हात जोडून स्वामी म्हणतोय! म्हातारा आणखीच भेदरला. मुकाट बाहेर गेला आणि फाटकापाशी कपाळ बडवत बसला.

पाऊण तासाने कॉन्स्टेबल पुष्पलता बाजारातल्या बंदोबस्तावरून परतली. तिचं माहेर ताडी उतरवणाऱ्यांचंच. ती त्याच्यासमोर मातीतच उकिडवी बसली.

"काका, सकाळच्या वेळी खांद्यावर दोर नाही तुमच्या? झाडावर चढायचा दोर कुठाय?"

म्हाताऱ्याने ठाण्याच्या दाराकडे पाहिलं आणि अंग चोरलं.

"इथं कुणी मारत नाही तुम्हाला. पाणी प्या. हळूहळू सांगा."

"अंजी..." मोगिलीला रडू फुटलं. "माझा पोरगा अंजी गं, माये! पाय सटकला त्याचा. कमरेच्या दोरात उलटा लटकलाय वर. मडकं माझ्या अंगावर फुटलं. मी चढायला गेलो, हात धरेनात. दोर टाकून पळत आलो. तळ्यामागं चिटपाखरू नाही, ठाणंच तेवढं जवळ."

सम्मय्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

"जीप काढा!" तो ओरडला, पण जीप साहेबांबरोबर गेली होती. मग तो पळत सुटला. मागून पुष्पलता, फोनवर दवाखान्याची गाडी बोलावत. कापलेल्या भाताची खुंटं तळव्यांत घुसत होती, त्याला कळत नव्हतं. 'अय्यप्पा, माझ्या पोरीला काही होऊ देऊ नकोस,' तो पुटपुटत होता. मध्येच त्याच्या लक्षात आलं, की आत्तासुद्धा आपण आपल्याच पोरीसाठी मागतोय. त्याला स्वतःची शिसारी आली.

अंजी ताडाच्या शेंड्याला उलटा होता. एक हात वाऱ्याने हलत होता. सम्मय्याने हाका मारल्या, त्या नुसत्याच वर गेल्या. पलीकडच्या बनात नुकतेच पोचलेले दोन गडी धावत आले, चढले आणि त्याला खाली उतरवलं. चोवीस वर्षांचं पोर.

पुष्पलताने मनगट धरलं, छातीला कान लावला. ठोके लागत नव्हते.

"अंग अजून ऊन आहे," ती म्हणाली. सम्मय्याकडे तिने बघितलं नाही.

मोगिली मागून धडपडत पोचला. पोराच्या तोंडावरचा मुंगळा त्याने बोटाने अलगद काढला. मग उठला आणि सम्मय्यासमोर आला. आता म्हातारा गळा धरील, धरावाच, असं सम्मय्याला वाटलं. तो वाट बघत उभा राहिला.

मोगिली वाकला. माळ घातलेल्या माणसाच्या पाया पडतात तसं त्याने त्या रक्ताळलेल्या पायांवर डोकं टेकलं.

"चुकलं माझं, स्वामी," तो म्हणाला. "मला नीट सांगता आलं नाही."

सम्मय्याला पाय मागे घ्यायचे होते. ते जागचे हलेनात.