चौऱ्याण्णव

ताईच्या माहेरच्या पुरुषांचं वाईट कोलेस्टेरॉल तीनशेच्या खाली आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. वडील एक्केचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, काका बेचाळिसाव्या. घराण्यातल्या या आजाराने ताईला वगळलं आणि धाकट्या भावाला बरोबर गाठलं. त्याला आता एक्केचाळिसावं लागलं होतं.

भाऊ शिंपी. हल्ली त्याला सुईत दोरा ओवता येत नसे. म्हणून लॅबमध्ये कामाला जाता जाता ताई त्याच्या दुकानात दहा सुया ओवून ठेवायची. चष्मा कर म्हटलं की तो हसायचा, "घालणार किती दिवस?" त्या हसण्याचा तिला भारी राग यायचा.

कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्यांनी त्याच्या मांड्या इतक्या दुखायच्या की मशीनचं पायडल मारवत नसे. मग डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली आणि दर पंधरा दिवसांनी पोटावर घ्यायचं इंजेक्शन सांगितलं. भावाने ऐकलं, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. दिवसभर सुयाच हातात असतात, आकडा हलला नाही तर पोटात आणखी सुया टोचून घेणार नाही म्हणाला. तो एकदा नाही म्हणाला की संपलंच.

आज तीन महिने झाले. ताईने त्याच्या रक्ताची नळी यंत्रात लावली आणि आकडा आला चौऱ्याण्णव.

तिने कपाळाला हात लावला. वीस वर्षांत पहिल्यांदाच नळ्यांची अदलाबदल केली, आणि तीही सख्ख्या भावाच्या रक्ताची! नळीवरच्या चिठ्ठीवर अक्षर तर तिचंच होतं. पुन्हा लावली, पंचाण्णव. तरी तिने ती नळी सरळ टाकून दिली, जेवणाच्या सुट्टीत दुकान गाठलं आणि नळी फुटली अशी थाप मारून भावाचं रक्त पुन्हा घेतलं. तो कुरकुरला, पण बाही वर केली.

चौऱ्याण्णव.

लॅबच्या मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "यंत्र बरोबर आहे. विश्वास तुमचाच बसत नाहीये."

ताईने नळी उजेडात धरली. वर पिवळसर पाणी, इतर शंभर जणांसारखंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्तातली चरबी आत ओढून घेणारी दारं यकृताला असतात, शरीरातलंच एक द्रव्य ती मोडत राहतं, आणि हे औषध त्या द्रव्यालाच धरून ठेवतं. तेव्हा तिने नुसती मान डोलावली होती. आता तिच्या अंगावर काटा आला. चमचाभरही नाही ते औषध, आणि वडिलांना, काकांना ज्या आजाराने नेलं त्याला त्याने अडवलं होतं! तिला रडूच कोसळलं.

संध्याकाळी भावाने रिपोर्टचा कागद हात लांब करून धरला, डोळे बारीक केले आणि तिच्याकडे परत दिला.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली.

"माझं?"

"तुझंच. तीनदा पाहिलं."

पायडलवरचा त्याचा पाय थांबला. ताईने उद्यासाठी सुया ओवायला घेतल्या.

"ताई," तो म्हणाला, "ते चष्म्याचं दुकान किती वाजता बंद होतं गं?"

तिने हातातली सुई तशीच, बिनदोऱ्याची, सुयांच्या उशीला टोचली.