वहिनीचा आवाज

माझ्या वहिनीचा आवाज मी उभ्या जन्मात एकदाच ऐकला. दोन वर्षं ती आमच्या घरात होती, पुढे दोन महिने माझ्याबरोबर उन्हातान्हात चालली, पण ऐकला एकदाच. लोक मला विचारतात, आठ वर्षांची पोर तुम्ही, त्या सगळ्यातून वाचलात कशा? उत्तर ऐकायच्या आतच 'केवढं ते धैर्य' म्हणून मोकळेही होतात. धैर्यबिर्य काही नव्हतं. मी मुकी झाले म्हणून वाचले, आणि मुकं कसं व्हायचं ते मला वहिनीने शिकवलं होतं.

आमच्या खारपेर्तकडच्या, तुर्कांच्या राज्यातल्या आर्मेनियन गावांत नव्या सुनेने सासरच्यांसमोर बोलायचं नाही, असा रिवाज होता. कुठे वर्षभर, कुठे पाच वर्षं, आणि सासू खाष्ट असली तर विचारूच नका. सासूने एके दिवशी 'बोल' म्हणायचं आणि हातावर काहीतरी ठेवायचं, कानातलं, बांगडी, गेला बाजार एखादा रुमाल. मग सुनेने तोंड उघडायचं. तोवर सगळं हाताच्या खुणांनी. हनुवटीला अंगठा लावला की सासू, कपाळावरून बोट आडवं फिरवलं की सासरा, मूठ उघडून दाखवली की 'आणू का?'

सिरवार्तवहिनी माझ्या थोरल्या भावाची, कारेकिनदादाची बायको होऊन आली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि मी सहा. इतर घरांतल्या सुना लहान पोरांच्या कानात कुजबुजत. ही माझ्याशी तेवढंही करत नसे. माझी आई कडक आणि मी चहाडखोर, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. दादाशी खोलीत बोलत असेल, पण आमच्या भिंती जाड होत्या. मी कान लावून पाहिला आहे.

तेव्हा तिच्या खुणा घरातल्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते जमेल तितकं लबाडीने केलं. वहिनी खुणेने विचारायची, दूध तापवू का? मी आईला सांगायची, "वहिनी म्हणते, ताकुहीला मूठभर मनुका द्या." आई म्हणायची, "तुझ्या वहिनीला तुझ्या पोटाची फारच काळजी गं," आणि द्यायची. वहिनी ओढणीआड आवाज न करता हसायची. मी निरोप नीट पोचवला तर हाताशी जे असेल त्यावर ती दोनदा थोपटायची, माझी पाठ असो, कणकेचा गोळा असो नाहीतर माझ्या धाकट्या भावाच्या, मिहरानच्या पाळण्याची कड असो. त्याचा अर्थ शाबास.

आईने ठरवलं होतं की द्राक्षांचा हंगाम संपला की सुनेला बोलायला लावायचं. कानातलीसुद्धा पेटीतून काढून पुसून ठेवली होती. ती द्राक्षं आम्ही तोडलीच नाहीत. दादाला फौजेत नेलं, त्याचं पत्र आलं नाही. एकोणीसशे पंधराच्या जूनमध्ये शिपायांनी बाबांना आणि गावातल्या सगळ्या बाप्यांना दोरखंडाने बांधून टेकडीपलीकडे नेलं, आणि दुपारी टेकडीपलीकडून जे आवाज आले ते आम्ही अंगणात उभ्यानेच ऐकले. चार दिवसांनी दवंडी पिटली. उरलेल्यांनी, म्हणजे बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी, दक्षिणेकडे चालू लागायचं.

त्या वाटेबद्दल मी फार सांगत नाही. ज्यांना ऐकायची हौस असते त्यांच्यासमोर तर मुळीच नाही. पहिल्या आठवड्यात गाढव गेलं, दुसऱ्यात कानातली गेली, मग चपला. फुरात नदीच्या काठी आई तापाने पडली. शिपायांनी लोकांना उठवलं तरी ती उठेना. वहिनी तिच्या पायाशी बसली होती, तिच्या मांडीवर मिहरान. आईने आपल्या अंगरख्याचं एक बटण उपटलं, वहिनीच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "बोल गं पोरी. फार दिवस तुला गप्प ठेवलं. चुकलं माझं."

वहिनीने ते बटण डोळ्यांना लावलं, आईच्या हाताचं चुंबन घेतलं, बटण ओढणीच्या टोकात बांधलं. पण ती बोलली नाही. मी वाट पाहत होते. आई मरत होती आणि मी वहिनीच्या तोंडाकडे पाहत होते, एवढी मी अजाण होते. शिपायाने दंडुका उगारला तशी वहिनी उठली, मिहरानला खांद्यावर घेतलं आणि मला ओढत घेऊन चालू लागली.

ऑगस्टच्या अखेरीस आम्हाला एका गावाबाहेर विहिरीजवळच्या उजाड शेतात थांबवलं. गावातल्या बायका येऊन पोरं निवडत. कुणाला सून करायला, कुणाला राबायला. गुलिझार नावाची एक विधवा आली. हाडापेराने दणकट, तिचे दोन्ही मुलगे लढाईवर, घरी उकडायचा गहू पडलेला. तिने माझे दंड चाचपले, पहारेकऱ्याला लोण्याचं गाडगं दिलं आणि मला ऊठ म्हणाली. मी रडून बोलणार, तोच वहिनीने माझ्यासमोर येऊन ओठांवर हात आडवा ठेवला आणि दाबला. सुनेची खूण. आजपासून तू बोलायचं नाहीस. आर्मेनियन बोललीस तर मरशील, तुर्की बोललीस तरी उच्चारावरून ओळखतील. एवढं सगळं त्या एका हातात होतं. आमचे हातवारे पाहून गुलिझार पहारेकऱ्याला म्हणाली, "बरं झालं, दोघीही मुक्या. घरात कटकट नको."

मी तिला मनात मावशी म्हणायची. तोंडाने म्हणायचा प्रश्नच नव्हता. ती काही देवमाणूस नव्हती, काम घेताना जीव काढायची, पण ताटातली भाकर मोजून देत नव्हती. शेजारणींना तिने सांगितलं, माझ्या मेलेल्या बहिणीची पोर आहे, जन्माची मुकी. दुसऱ्या दिवशी मी विहिरीकडे बोट केलं, मग हात गुडघ्यापाशी धरून मिहरानची उंची दाखवली, मग जमिनीवर पडून मावशीचे पाय धरले. तिने पाय सोडवून घेतले. मग म्हणाली, "आणखी एक खाणारं तोंड. बघू. नवा हवालदार आलाय म्हणतात, तो घरोघर लपवलेली आर्मेनियन पोरं शोधतोय. तो निघून जाऊ दे, मग बघू."

संध्याकाळी मी पाणी भरायला गेले. वहिनी शेताच्या कडेला बसली होती. तिच्या मांडीवर मिहरान गवताची काडी चघळत होता. त्याची मान काडीसारखीच झाली होती. वहिनीने मूठ उघडून दाखवली. आणू का?

मी काय सांगायला हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. थांब. हवालदार जाऊ दे. मावशी 'बघू' म्हणाली आहे, 'हो' म्हणालेली नाही. पण मला मिहरान आत्ता हवा होता, जशा मला मनुका आत्ता हव्या असायच्या. मी हनुवटीला अंगठा लावला, मान होकारार्थी हलवली, सूर्य डोक्यावर दाखवला. मालकीण म्हणते, उद्या दुपारी आण. घराचं दार निळं आहे म्हणून विहिरीवरच्या निळ्या घड्याकडे बोट केलं. वहिनीने मिहरानच्या पाठीवर दोनदा थोपटलं. मी घडा घेऊन पळत घरी गेले. दोन महिन्यांत त्या रात्री मी पहिल्यांदा सुखाने झोपले, हेही सांगून टाकते.

हवालदार दुसऱ्याच दिवशी आला, जेवणवेळेच्या जरा आधी. अंगणात भला मोठा तांब्याचा हंडा चुलाणावर होता, गहू रटरटत होता आणि मी लाकडी दांड्याने ढवळत होते. माझ्याबद्दल मावशीने तेच सांगितलं, बहिणीची पोर, जन्माची मुकी. तो हसला. म्हणाला की या गावात या महिन्यात बऱ्याच बहिणी मेलेल्या दिसतात. मग त्याने हंड्यातला पळा उचलला आणि सावकाश माझ्या दंडावर टेकवला.

मी ओरडले. मुकी माणसंही ओरडतात. पण त्या ओरडण्यात शब्द नव्हता, 'आई गं' नव्हतं, काही नव्हतं. ते कसं जमलं मला आजही कळत नाही. हवालदार पळा हंड्यात टाकून मावशीला म्हणाला, ठीक आहे, आणि दाराकडे वळला. सूर्य डोक्यावर आला होता.

दारात वहिनी उभी होती. मिहरान तिच्या कडेवरून उतरला आणि "ताई" म्हणत, आमच्या भाषेत, आमच्या गावच्या हेलात "ताई, ताई" म्हणत माझ्याकडे धावत आला. त्याने माझा घागरा दोन्ही मुठींनी धरला. त्याला उकडलेल्या गव्हाचा वास आला होता. "ताई, मला दे ना," म्हणाला.

हवालदार थांबला होता. मावशीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. मी हंडा ढवळत राहिले. मिहरानने पुन्हा घागरा ओढला आणि मी त्याला पायाने ढकललं. हळू नाही ढकललं. तो धुळीत बसला आणि रडायचं विसरून माझ्याकडे बघत राहिला.

"ओळखत नाही वाटतं हा तुला?" हवालदार मला म्हणाला आणि त्याने मिहरानला दंडाला धरून उठवलं. "बघू या, याला विचारू या."

तेव्हा वहिनी बोलली. तुर्कीत, अडखळत, घोगऱ्या आवाजात. मला वाटायचं तिचा आवाज बारीक, गोड असेल. तो तसा नव्हता. वापरात नसलेल्या दाराच्या बिजागरीसारखा तो करकरला.

"सोडा त्याला, साहेब. भुकेने खुळावलंय पोरगं. दिसेल त्या पोरीला ताई म्हणतं. काल विहिरीवर तीन पोरींच्या मागे लागलं होतं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "ही आमची नव्हे. ही कोण, मला ठाऊक नाही."

तांड्यातले सगळे शिपाई तिला मुकी समजत. हवालदाराबरोबर आलेला पहारेकरी चकित होऊन म्हणाला, "अरे, ही बोलते!" आणि खदाखदा हसायला लागला. हवालदारही हसला. मुकी म्हणून दोन महिने फसवलंस काय, असं म्हणत त्याने तिच्या थोबाडीत मारली आणि दोघांना बाहेर काढलं. माझ्याकडे पुन्हा कुणी पाहिलंसुद्धा नाही. जिने दोन महिन्यांचं मौन मोडून सांगितलं, ती खोटं कशाला बोलेल, असंच त्यांना वाटलं असणार.

वहिनी मिहरानला खांद्यावर घेऊन गेली. त्याचं तोंड माझ्या दिशेला होतं. जाताना तिच्या हाताने त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं. त्याला गप्प करायला थोपटलं, की मला शाबास म्हणाली? साठ वर्षं मी हेच उलटसुलट करत बसले आहे. शाबास असेल तर ती मला सहन होत नाही, आणि नसेल तर तेही होत नाही.

संध्याकाळी मावशीने माझ्या दंडाला अंड्याचा पांढरा बलक लावला. तिला सगळं कळलं होतं. म्हणाली, "मी 'बघू' म्हणाले होते गं. 'आण' म्हटलं होतं का?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "रडायचं तर रड. मुक्या माणसालाही रडता येतं." सकाळी शेत रिकामं होतं. त्या तांड्यातलं एकही माणूस मला पुढे कधी भेटलं नाही, आणि मी शोधायचं काही बाकी ठेवलं नाही.

तीन वर्षं मी त्या घरात गहू उकडला. लढाई संपल्यावर अनाथ पोरं गोळा करणारे लोक आले आणि मला अलेप्पोच्या अनाथाश्रमात घेऊन गेले. मावशीने दारात उभं राहून मला मनुकांची पुरचुंडी दिली. मी ती रस्त्यात एका पोरीला देऊन टाकली. आश्रमात डॉक्टरांनी घशात दिवा धरून पाहिलं, घसा ठणठणीत आहे म्हणाले. पण शब्द येईना. आता कुणाची भीती नव्हती, तरी येईना. मला स्वयंपाकघरात कामाला लावलं.

तिथे येघ्साकाकू होती, आमच्याच बाजूची, तोंडाची फटकळ. एके दिवशी डाळीचा हंडा उतू जायला लागला आणि मी घाईने हनुवटीला अंगठा लावून तिला बोलावलं. ती पळी हातात धरून तशीच थबकली. हंडा तिने उतू जाऊ दिला.

"अगं, ही तर सुनेची खूण," ती म्हणाली. "कुणी बसवलं तुला मौनाला, एवढ्याशा पोरीला?"

मी ओठांवर हात आडवा ठेवला, वहिनीने ठेवला होता तसा. काकू जवळ आली. देण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं, तिने ती लाकडी पळीच माझ्या हातावर ठेवली.

"तुझं घर उरलं नाही, तेव्हा मीच सांगते," ती म्हणाली. "बोल, पोरी."

माझाही आवाज बिजागरीसारखाच निघाला. मी म्हटलं, "तो माझा भाऊ होता. आणि त्याला मीच बोलावलं होतं."