गोठलेल्या तळ्यावर दोन गाड्या

गुन्वोर येल्मरच्या गाडीतून हसत हसत उतरली, तेव्हा फोल्कमार हातातलं काम सोडून बघत राहिला.

कित्येक हिवाळे ही बाई त्याने बनवलेल्या गाड्या चाचणीसाठी चालवत आली होती. स्वीडनच्या उत्तरेला, आर्येप्लोगच्या गोठलेल्या तळ्यावर, तिने त्याच्यासाठी किती टायर झिजवले याला गणती नव्हती. पण गाडीतून उतरताना ती कधी हसली नव्हती. तिची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "हं, चालेल." तेवढ्यावर फोल्कमार जर्मनीला परतून वर्षभर कामाला जुंपून घ्यायचा.

"काय गं, हसायला काय झालं एवढं?"

"बसून बघ, मग कळेल," म्हणत ती हातमोजे ओढत येल्मरकडे वळली आणि दोघं वळणावरच्या बर्फाविषयी बोलू लागली. फोल्कमार बाजूला उभाच राहिला.

कंपनीच्या नव्या स्पोर्ट्स कारचं इंजिन मागे होतं. प्रश्न होता तो पुढच्या चाकांना जोर कसा द्यायचा याचा. फोल्कमारचं उत्तर जुनं आणि पारखलेलं: इंजिनापासून पुढच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा, मध्ये क्लच, मागची चाकं घसरू लागली की क्लच आवळतो आणि जोर पुढे धावतो. येल्मरने दांडाच काढून टाकला होता. पुढच्या प्रत्येक चाकाला त्याने वेगळी विजेची मोटर दिली होती. मागे पेट्रोल, पुढे वीज. दोन्हींतली एकच पद्धत ठेवायची होती, आणि त्याचा निकाल लावायला विभागप्रमुख ओबरहुबरबाई त्याच दिवशी म्युनिकहून आल्या होत्या.

येल्मरला, या हॉलंडच्या पोराला, नोकरीला घ्या म्हणून फोल्कमारनेच एकेकाळी शब्द टाकला होता. बर्फाचा रंग बघून पकड ओळखायला त्यानेच शिकवलं होतं. आता तोच डोळ्यांत खुपत होता. त्याचं मोकळं बोलणं खुपत होतं, बाईंनी त्याच्याकडे बघून मान डोलावणं खुपत होतं, आणि सगळ्यात जास्त गुन्वोरचं ते हसू.

जेवणाच्या सुट्टीत दोन्ही गाड्या खानावळीबाहेर विजेच्या खांबाला प्लग लावून उभ्या होत्या. तिथल्या थंडीत इंजिनसुद्धा गरम ठेवावं लागतं, मग बॅटरीचं काय सांगावं. हलका बर्फ पडून गेला होता. फोल्कमार आपली गाडी पाहायला बाहेर आला. तिच्या प्लगचा दिवा लागलेला होता. येल्मरच्या गाडीचा विझलेला होता. प्लग खांबातून सुटून लोंबत होता; कुणाचा तरी पाय वायरीत अडकला असावा.

त्याने प्लग लावायला हात पुढे केला. मग तोच हात खिशात घातला आणि तो आत आला.

ताटात रेनडिअरचं मटण होतं, कुस्करलेला बटाटा होता, लाल बोरांचा मुरंबा होता. घास तोंडात फिरू लागला. गार पडलेली बॅटरी ऐन वळणात दगा देईल. पुढच्या चाकांचा जोर तुटेल, गाडी बर्फाच्या ढिगात जाईल आणि बाई जर्मनीला परत जाताना दांड्याचं नाव घेतील. हे सगळं त्याला गोड वाटत होतं. पण त्या चित्रात स्टिअरिंगवर गुन्वोर होती. येल्मर मघाशीच "गाडी बघून येतो" म्हणून उठला होता. फोल्कमारही काटा खाली ठेवून उठला.

येल्मर खांबापाशी उभा होता. दिवा लागला होता.

"प्लग सुटला होता," तो म्हणाला.

"असं?"

येल्मर खाली बघत होता. कोऱ्या बर्फावर बुटांचे ठसे स्पष्ट उमटले होते: दारापासून फोल्कमारच्या गाडीपर्यंत, तिथून खांबापर्यंत, आणि खांबापासून सरळ दाराकडे.

"तुझेच ना रे?"

"आत्ता लावायलाच येत होतो मी."

"आत्ता." येल्मरने मान वर केली. "गुन्वोर चालवणार होती, फोल्कमार."

येल्मरने प्लग पुन्हा एकदा दाबून पाहिला.

"बॅटरी तापायला वेळ लागेल. बाईंना सांगतो, आधी तुझी गाडी बघा."

"आणि... काय सांगशील त्यांना?"

"प्लग सुटला होता म्हणून. सुटलाच होता की."

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. आता याच्या चांगुलपणावरही जळायची वेळ आली.

दुपारी गुन्वोरने बाईंना शेजारी बसवून आधी फोल्कमारची गाडी काढली. चढावर मागची चाकं क्षणभर बर्फ उकरत फिरली, क्लच आवळला आणि गाडी वर गेली. तळ्यावर ती लांबच लांब तिरकी घसरत गेली, सुरेख, कुठे धसमुसळेपणा नाही. मग येल्मरची. ती चढावर जिन्याने चालत गेल्यासारखी गेली. तळ्यावर बाहेरचं चाक ओढत होतं, आतलं आवरत होतं, आणि गाडी जणू रुळावरून वळत होती. फोल्कमार डोळे फाडून खोट शोधत होता. काठावरून तरी सापडली नाही.

"बोला, कोणती?" बाईंनी विचारलं.

गुन्वोरने फोल्कमारकडे पाहणं टाळलं. "याची गाडी काय करणार ते मला आधीच कळतं. मला ती आवडते, खोटं नाही बोलणार. पण मी चुकले तर येल्मरची गाडी सांभाळून घेते. विकत घेणारी माणसं चुकणारच."

निकाल लागला. बाई येल्मरशी बोलत निघून गेल्या.

"ये, तू चालव," गुन्वोरने येल्मरच्या गाडीचं दार उघडून धरलं.

प्लगची गोष्ट तिला सांगावी असं त्याच्या मनात आलं, पण सांगण्याऐवजी त्याने हातमोजे चढवले. तो बसला आणि गाडी तळ्यावर घातली. दुसऱ्याच वळणाला त्याचा नाइलाज झाला: गाडी चांगली होती. त्याला जमली नसती इतकी चांगली. पण वळणातून बाहेर पडताना हातांना काहीतरी वेगळं जाणवलं. तेच वळण त्याने पुन्हा घेतलं, मग आणखी एकदा.

"काय रे?" गुन्वोरने विचारलं.

"काही नाही. थांब जरा."

शेडमध्ये येल्मर एकटाच वायरी गुंडाळत होता. फोल्कमार दारातच थांबला.

"वळण संपताना तुझ्या मोटरी जोर एकदम सोडतात. हळूहळू सोडायला हवा. कोरड्या रस्त्यावर कळणार नाही, पावसात कुणाची तरी गाडी घसरेल."

येल्मरचे हात थांबले. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसलं, आणि तेवढ्यानेही फोल्कमारला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

"क्लचला तू हे कसं शिकवलं होतंस?"

"सांगून समजायचं नाही. उद्या दोघं बसू गाडीत."

"चालवणार कोण?"

"तू चालव," फोल्कमार म्हणाला. ते म्हणताना त्याचे दात किंचित आवळले गेले होते.